गुलाबी फितींचा खोका

जेद्दाच्या अझीझिया भागातलं एक घर. शुक्रवारची दुपार, जेवणं उरकलेली, एसीची घरघर. बोलणारी माणसं दोन. भाऊजी राजापूरकडचे, एका कंत्राटदार कंपनीत कामगारांचे इकामे (राहण्याचे परवाने), विमे आणि रजा सांभाळतात. वहिनी चिपळूणच्या; इथल्या एका इस्पितळात नर्स आहेत. भाऊजी हे वहिनींच्या यजमानांचे दोस्त. यजमान आत झोपलेत, त्यामुळे या वादात ते नाहीत. ही दोन माणसं, त्यांची कंपनी आणि त्यांचं इस्पितळ मी रचलेलं आहे. ते ज्या आकड्यांवर आणि कायद्यांवर भांडतात ते मात्र खरे आहेत.

महिना ऑक्टोबर, म्हणजे स्तनाच्या कर्करोगाबद्दल जागृती करण्याचा. भाऊजींनी ऑफिसातून एक पुठ्ठ्याचा खोका आणून टीपॉयवर ठेवलाय. आत पाचशे गुलाबी फिती.

भाऊजी : वहिनी, मंगळवारी अर्धा तास द्या. ऑफिसातल्या बायकांसमोर बोलायचं आहे. गाठ कशी चाचपायची, मॅमोग्राफी कधी करायची, एवढंच. हिंदी, अरबी दोन्ही येणारं माणूस मला दुसरं कोण मिळणार?

वहिनी : येईन की. किती जणी आहेत?

भाऊजी : बावीस-तेवीस. बहुतेक सौदी मुली, थोड्या फिलिपिनी.

वहिनी : आणि सफाईच्या?

भाऊजी : त्या आपल्या नाहीत. माणसं पुरवणाऱ्या सप्लायवाल्यांच्या.

वहिनी : मग पाचशे फिती कोणाला लावणार?

भाऊजी : पुरुषांनाही लावायच्या ना. हसू नका. मला हे मनापासून पटलेलं आहे. गरीब देशात बायका उशिरा का येतात, तर पैसा नाही, दवाखाना लांब, मशीन बंद, असं जो तो म्हणतो. मग या देशाचं काय? इथल्या नागरिक बाईला सरकारी इस्पितळात एक रियाल लागत नाही. तरी २०१३ च्या देशव्यापी आरोग्य पाहणीत काय निघालं? पन्नाशी ओलांडलेल्या ९२ टक्के बायकांनी जन्मात एकदाही मॅमोग्राफी केलेली नव्हती. फुकट असून! यात पैसा कुठे आला? अडथळा इथे आहे, डोक्यात.

वहिनी : आकडा खरा आहे. पण २०१३ साली इथे बाई गाडी चालवत नव्हती. ती परवानगी २०१८ च्या जूनमध्ये आली. घरच्या पुरुषाच्या संमतीशिवाय पासपोर्ट काढायची मुभा २०१९ मध्ये. तपासणी फुकट, पण तिथवर नेणारा भाऊ, नवरा नाहीतर ड्रायव्हर पाहिजे. त्याला काय सांगायचं, कुठे दुखतंय म्हणून? आणि दुखत तर काहीच नसतं. सुरुवातीची गाठ सहसा दुखत नाही, हीच तर या आजाराची लबाडी. तुम्ही याला डोकं म्हणा. मी म्हणते गाडीची किल्ली दुसऱ्याच्या खिशात होती.

भाऊजी : बरं, किल्ली. पण मौन कुणी तोडलं? डॉ. सामिया अल-अमूदी. याच जेद्दातल्या, स्वतः स्त्रीरोगतज्ज्ञ. २००६ साली त्यांनाच कॅन्सर निघाला आणि त्यांनी ‘अल-मदिना’ या वर्तमानपत्रात तो नावानिशी लिहून काढला. तोवर इथे शब्दसुद्धा उच्चारत नसत. ‘हादाक अल-मरद’ म्हणायचे, म्हणजे ‘तो आजार’. २००७ मध्ये अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने त्यांना धाडसी महिलांचा पुरस्कार दिला. पुढे २०१० च्या ऑक्टोबरमध्ये याच शहरात ३,९५२ बायका मैदानात गुलाबी फितीच्या आकारात उभ्या राहिल्या, गिनीजमध्ये नोंद झाली. एक पैसा न वाटता, निव्वळ बोलून झालं हे.

वहिनी : सामियाबाईंबद्दल माझ्याशी वाद घालू नका, मी त्यांच्याच बाजूची आहे. मौन मारतं हे मला कुणी शिकवायला नको. आमच्या एका मावशीने वर्षभर गाठीला शेक दिला. घरात सून होती, गावात दवाखाना होता, एस.टी. दारावरून जायची. तिला फक्त सांगता आलं नाही.

(इथे माझं एक मधलं म्हणणं. मराठीत तरी या अवयवाचा शब्द कुठे सुटा आहे? ‘स्तन’ हा पुस्तकातला आणि पोस्टरवरचा. घरात बाई म्हणते ‘छातीत गाठ आहे’, फार झालं तर ‘अंगावर’. छाती म्हटलं की ऐकणाऱ्याला हृदय आठवतं, खोकला आठवतो, ॲसिडिटी आठवते. ज्या अवयवाला रोजच्या भाषेत नाव नाही, त्याची तक्रार फोनवर कशी सांगायची? अरबी बायकांचं ‘तो आजार’ आणि आपल्या बायकांचं ‘छातीत’ मला सख्ख्या बहिणी वाटतात.)

भाऊजी : म्हणजे आपलं एकमत झालं. सरबत घ्या.

वहिनी : कसलं एकमत? तुम्ही म्हणता सौदी म्हणजे श्रीमंत देश आणि तरी बायका उशिरा येतात, म्हणून पैशाचा संबंध नाही. पण तुम्ही मोजता कुणाला? इथल्या मूलभूत कायद्याचं ३१ वं कलम काय सांगतं? राज्य प्रत्येक नागरिकाला आरोग्यसेवा पुरवील. नागरिकाला. २०२२ च्या जनगणनेत इथे ३ कोटी २२ लाख माणसं होती आणि त्यांतली ४१.६ टक्के नागरिक नव्हती. त्यांत अठरा लाखांवर भारतीय. पाकिस्तानी, बांगलादेशी, येमेनी, इथिओपियाच्या, युगांडाच्या बायका वेगळ्याच. याच इमारतीत वरच्या मजल्यावर एका घरात युगांडाची मुलगी खादमा, म्हणजे घरकामवाली, आहे. तिची मालकीण श्रीमंत देशात राहते. ती स्वतः त्याच मजल्यावर, पण युगांडात राहते. गरीब देश नकाशावरच असतो असं नाही भाऊजी, तो इकाम्यावर छापलेला असतो.

भाऊजी : हे जरा भाषणाचं झालं. परदेशी माणसाला इथे विमा आहे. १९९९ चा सहकारी आरोग्य विम्याचा कायदा आहे, खासगी कंपनीने कामगाराचा विमा काढलाच पाहिजे. कॅन्सर त्यातून वगळलेला नाही. मी रोज तेच करतो.

वहिनी : तुमच्या कामगारांचा. खादमाचं काय?

भाऊजी : घरकामवाल्यांना २०२४ च्या जुलैपासून लागू झालाय.

वहिनी : पूर्ण सांगा.

भाऊजी : ...ज्या मालकाकडे चारपेक्षा जास्त घरकामगार आहेत, त्याला.

वहिनी : आणि साध्या घरात एक असते, फार तर दोन. म्हणजे जिथे पाच नोकर आहेत तिथली बाई विम्यात आणि जिथे एकटी राबते तिथली बाहेर. तिला गाठ लागली तर ती कुणाला सांगेल? कफिलाला. म्हणजे जो तिला परत पाठवू शकतो त्यालाच. आता करा तिच्यासमोर तुमची जागृती.

भाऊजी : सगळे मालक वाईट नसतात.

वहिनी : नसतातच. स्वतःच्या खिशातून बायोप्सी करून देणारे मी पाहिलेत. पण बाईचा जीव मालक कसा निघतो यावर टांगलेला असला, तर त्याला सोय म्हणत नाहीत. नशीब म्हणतात. आणि तुम्हाला ठाऊक आहे, ती इथे येतानाच घाबरवून पाठवलेली असते. मुंबईत गल्फची मेडिकल होते ना, आपण अजून तिला गामकाच म्हणतो. एचआयव्ही, कावीळ, क्षयाबरोबर त्या यादीत ‘कॅन्सरचा रुग्ण’ हेही आहे. अनफिट. जिने तो शिक्का पाहिला, ती इथे आल्यावर गाठ दाखवील?

भाऊजी : हो, हे बरोबर. पण वहिनी, हे सगळं बदलायचं तर सरकार पाहिजे. मी एक क्लार्क. माझ्या हातात काय, तर माहिती देणं. टाटा कॅन्सर इस्पितळाने काय केलं? १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांमध्ये दीड लाखावर बायका, वय ३५ ते ६४. मशीन नाही, मॅमोग्राफी नाही. शिकवून तयार केलेल्या बायका दर दोन वर्षांनी हातांनी तपासायच्या. वीस वर्षांचा निष्कर्ष २०२१ साली छापून आला. पन्नाशीच्या पुढच्या बायकांमध्ये या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी. निव्वळ हात! गरीब देशाला याहून स्वस्त काय पाहिजे? आणि तुम्ही मला फितींवरून हसता.

वहिनी : (थोडं थांबून) तो अभ्यास मी आमच्या वॉर्डात मुलींना सांगते. चांगलं केलंत आठवण काढलीत. पण त्यातलं अर्धंच उचललंत. एक तर पन्नाशीच्या आतल्या बायकांत तो फायदा दिसला नाही, आणि इथे काय, आपल्याकडे काय, हा आजार निघतोच पन्नाशीच्या आसपास. दुसरं, त्या हातांच्या मागे परळचं टाटा होतं. वस्तीत गाठ लागली की बाई टाटात पोचायची, पुढच्या तपासण्या आणि उपचार तिथे व्हायचे. हात स्वस्त होता, हातामागचं इस्पितळ स्वस्त नव्हतं. गाठ आहे एवढं सांगून सोडून दिलेली बाई मी पाहिली आहे. न सांगितलेली परवडली.

भाऊजी : असं म्हणू नका.

वहिनी : म्हणते. बरं, आता तुमच्या धंद्याचं बोलू. सप्लायवाल्यांची एक बाई धरा. ती तुमच्या कायद्याखाली येते. तिला गाठ निघाली. आजारपणाची रजा किती?

भाऊजी : कामगार कायद्याचं ११७ वं कलम. वर्षात पहिले ३० दिवस पूर्ण पगार, पुढचे ६० दिवस तीन चतुर्थांश, त्यापुढचे ३० दिवस बिनपगारी. एकशे वीस. आणि ८२ वं कलम आहे, ही रजा संपेपर्यंत आजारपणासाठी नोकरीवरून काढता येत नाही. कायदा चांगला आहे.

वहिनी : चांगलाच आहे. आता केमो किती?

भाऊजी : ते तुम्ही सांगा.

वहिनी : दर एकवीस दिवसांनी एक, सहा ते आठ डोस. आठ धरा.

भाऊजी : आठ एकवीसा... एकशे अडुसष्ट.

वहिनी : आणि शस्त्रक्रिया वेगळी. त्यानंतर रेडिएशन तीन ते पाच आठवडे, सुट्टीचे दिवस सोडून रोज. गाठ हर-टू जातीची निघाली तर ट्रास्टुझुमॅब, तेही दर तीन आठवड्यांनी, वर्षभर. मग टॅमॉक्सिफेनची गोळी पाच वर्षं, कधी दहा.

भाऊजी : पण रोज रजा लागत नाही. केमो चालू असताना माणसं ऑफिसला येतात.

वहिनी : ऑफिसला येतात. जिना पुसायला येत नाहीत. आणि घरकामवालीच्या नियमात आजारपणाची पगारी रजा वर्षाला तीसच दिवस आहे. तीस दिवसांत तिचा बायोप्सीचा रिपोर्ट आणि पहिला डोस, एवढं झालं तरी डोक्यावरून पाणी.

भाऊजी बराच वेळ बोटांवर मोजत राहिले. हिशेबाचा माणूस हिशेबात सापडला की तसा दिसतो.

भाऊजी : म्हणजे कायदा पाळूनसुद्धा...

वहिनी : कायदा पाळूनसुद्धा बाई मधेच तुटते. नोकरी गेली की इकामा, इकामा गेला की विमा. तिसऱ्या डोसला फायनल एक्झिट, म्हणजे कायमची रवानगी. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये या आजारासाठी मोहीम सुरू केली. त्यांचे तीन आकडे आहेत : साठ टक्क्यांहून जास्त बायका पहिल्या-दुसऱ्या टप्प्यात सापडाव्यात, साठ दिवसांत निदान पुरं व्हावं, ऐंशी टक्के बायकांनी उपचार शेवटपर्यंत घ्यावेत. तुमची फीत पहिल्या आकड्याची आहे. दुसरा विम्याच्या अप्रूव्हलचा. आणि तिसरा, भाऊजी, तुमच्या टेबलावर असतो.

भाऊजी : परत जाऊन घेईल की उपचार. ज्याला त्याला आपला देश आहे.

वहिनी : आहे. वरच्या मजल्यावरच्या पोरीचा देश घ्या. कंपालाच्या मुलागो इस्पितळात आख्ख्या युगांडाचं एकच रेडिएशनचं मशीन होतं, १९९५ सालचं. २०१६ मध्ये ते कायमचं बंद पडलं आणि नवं चालू व्हायला २०१८ उजाडलं. तोवर देशात मशीनच नाही. ज्याला परवडलं तो नैरोबीला गेला. आफ्रिकेत वीसहून जास्त देशांत तर मुळातच नव्हतं. श्रीमंत देशांत बारा बायकांत एकीला हा कॅन्सर होतो आणि एकाहत्तरांत एक मरते. सगळ्यात मागास देशांत सत्तावीसांत एकीलाच होतो, पण अठ्ठेचाळिसांत एक मरते. होतो कमी, मारतो जास्त. या फरकाला डोकं म्हणायचं?

भाऊजी : आपल्याकडे बरं आहे.

वहिनी : बरंच बरं आहे, अभिमानाने सांगते. ट्रास्टुझुमॅब भारतातल्या कंपनीने २०१४ मध्ये स्वस्तात आणलं. डेरवणचं वालावलकर इस्पितळ आहे, परळ आहे, राहायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आहे. महात्मा फुले योजना पाच लाखांवर गेली. पण गल्फातून परतलेल्या बाईचं नाव रेशनकार्डावर असतं का? आणि राजापूरहून परळ म्हणजे आठ केमोला आठ वेळा रात्रीची गाडी, सोबत एक माणूस. त्या माणसाची मजुरी कोण देणार? पाच वर्षांनंतर भारतात शंभरातल्या सहासष्ट बायका जिवंत असतात, श्रीमंत देशांत नव्वदहून जास्त. मधल्या चोवीस जणींना माहितीच नव्हती असं म्हणाल?

भाऊजी : थोड्यांना नसेल.

वहिनी : थोड्यांना नसेल, कबूल.

(वहिनींनी हे कबूल केलं ते मला बरं वाटलं. त्या जिंकत चालल्या होत्या आणि जिंकणारं माणूस सहसा कबूल करत नाही. पण भाऊजींचा मुद्दा पडलेला नाही. फुकट सोय असलेली बाईही घरी बसते, हे खरंच आहे.)

भाऊजी : एक सांगा. करोनात काय झालं होतं आठवतंय? २०२० च्या मार्चअखेरीस राजाचा हुकूम निघाला, कुणालाही उपचार फुकट. नागरिक असो, परदेशी असो, इकामा संपलेला असो. कुणी कागद विचारला नाही. आमच्या कॅम्पातली पोरं त्यावर वाचली. म्हणजे मनात आणलं तर होतं.

वहिनी : मीही तेच म्हणते. मग कॅन्सरला का नाही?

भाऊजी : करोना मालकालाही होत होता.

हे बोलून भाऊजी स्वतःच दचकले. आपल्या तोंडून वहिनींचाच मुद्दा निघाला हे त्यांना कळलं असावं. त्यांनी खोक्याचं झाकण लावलं, परत उघडलं.

वहिनी : तुमच्या घरचे कधी गेले परत?

भाऊजी : २०१८. आश्रितांची फी सुरू झाली ना २०१७ च्या जुलैत, माणशी महिना शंभर रियाल, दर वर्षी शंभराने वाढत चारशेपर्यंत. बायको आणि दोन मुलं. २०२० मध्ये महिन्याला बाराशे झाले असते, नुसते राहू देण्याचे. आमच्या मजल्यावरची पाच कुटुंबं त्या दोन वर्षांत गेली. पुरुष राहिले, घरं रिकामी झाली.

वहिनी : आणि तुमच्या विम्यावरचं तिचं नाव?

भाऊजी : इकामा रद्द, नाव रद्द.

वहिनी : चाळीस झाली असतील त्यांना.

भाऊजी : चव्वेचाळीस.

वहिनी : तपासलंय कधी?

भाऊजी : ...विचारलं नाही. फोनवर कसं विचारायचं? आई तिथेच बसलेली असते.

वहिनी काही बोलल्या नाहीत. पाचशे फिती आणणारा माणूस आपल्या बायकोला एक प्रश्न विचारू शकत नव्हता. यावरून त्यांना भाऊजींना कोपऱ्यात गाठता आलं असतं. पण हा पुरावा भाऊजींच्याच बाजूचा होता.

वहिनी : रोज रात्री बोलता ना? तिला नुसतं सांगा, चिपळूणची वहिनी फोन करणार आहे. पुढचं मी बघते. तुमच्या आईंशीही मीच बोलते.

भाऊजी : सांगतो. आणि मंगळवारचं?

वहिनी : येते. पण सप्लायवाल्या बायका खुर्च्यांवर बसलेल्या दिसल्या पाहिजेत. झाडू घेऊन मागे उभ्या नकोत. आणि तो अर्धा तास त्यांच्या पगारातून कापायचा नाही.

भाऊजी : सुपरवायझरला सांगतो.

वहिनी : सांगू नका, लिहून द्या.

भाऊजी : लिहून देतो. पण एखादीला खरंच निघालं तर? इकाम्याचं वचन मी कुठून देऊ? ते माझ्या हातात नाही.

वहिनी : सप्लायवाल्यांशी दर वर्षी करार कोण करतं?

भाऊजी : मीच. सही वरची, मसुदा माझा.

वहिनी : मग त्यात एक कलम घाला. उपचार सुरू झालेल्या कामगाराचा इकामा आणि विमा उपचार संपेपर्यंत चालू ठेवायचा, एकशे वीस दिवस संपले तरी. किती खर्च येईल ते तुमच्याइतकं कुणाला काढता येणार नाही. पाच-सहाशे कामगारांत अशा किती निघतील वर्षाला?

भाऊजी : एखादी. तीही दर वर्षी नाही. (परत बोटांवर) फार नाही येत हो. एका गाडीच्या वर्षाच्या विम्याशी तुलना केली तर... बघतो. वरचे नाही म्हणू शकतात.

वहिनी : म्हणू देत. निदान त्यांना ते ‘नाही’ लिहावं लागेल. करार कधी आहे?

भाऊजी : जानेवारीत.

गल्फातल्या कंपन्यांमध्ये असे मसुदे ज्यांच्या टेबलावर तयार होतात, त्यांत मराठी माणसं पुष्कळ आहेत. हे वाचणाऱ्यांतही काही असतील. जानेवारीच्या आधी आपल्या करारातलं आजारपणाचं कलम काढून एकदा वाचा, आणि शेजारी आठ गुणिले एकवीस लिहून बघा.